बिनातोंडाचा बायोडाटा

मुलीच्या बापानं एकच अट घातली होती. मुलाचा बायोडाटा ईमेलनं पाठवायचा.

"पोस्टानं नाई चालत काय?" नत्थुजींनी फोनवर विचारलं.

"नाई चालत भाऊजी," पलीकडून त्यांचा मेहुणा धर्मपाल ओरडला. तो डोंगरात, धारणीला राहायचा आणि तिथून बोलायचं तर ओरडावंच लागे. "अकोल्याचे महादेवराव म्हंजे पाटबंधारे हापिसातले बडेबाबू. रिटायर झाल्यापासून कॉम्प्युटर शिकून राहिले. कागद हातात घेतच नाई म्हणतात."

"तू त्याइले अमोलबद्दल काय सांगतलं?"

"घर चांगलं, पोरगा निर्व्यसनी. बाकी बायोडाट्यात वाचतीनच ना थे!"

बाकी म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. अमोल शेती करत होता. त्या वर्षांत वऱ्हाडात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं अवघड होऊन बसलं होतं. शाळेतला शिपाई चालायचा, पानठेलेवालाही चालायचा, पण शेती म्हटलं की शेतकऱ्याच्या घरातलीच पोरगी मान हलवून आत निघून जायची. अमोल एवढ्या घरांतून परत आला होता, की हल्ली तो दारात उभा राहूनच "मी शेती करतो" असं सांगून टाकायचा. चपला काढून परत घालायचा त्रास वाचतो, असं त्याचं म्हणणं. पार्बताबाई, म्हणजे त्याची आई, हे ऐकून पदर डोळ्याला लावायची. नत्थुजी गोठ्यात निघून जायचे.

तर नत्थुजी धोतर-टोपी नीट करून एसटीनं अंजनगाव सुर्जीला गेले. बाजारात परवेजचं नेटचं दुकान होतं. हा अब्दुल रहीम बांगडीवाल्याचा मुलगा. बापानं काचेच्या बांगड्या विकल्या त्याच गाळ्यात याचे तीन कॉम्प्युटर होते.

"बसा चाचा. बोला, मी टाइप करतो. पण मराठी अक्षरं नाई येत याच्यात. बोलनं मराठी, लिवनं इंग्रजी अक्षरात. समजलं ना?"

नत्थुजी मान हलवून बसले. ते स्वतः पन्नाशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षर ओळखायला शिकले होते. त्या वर्गातल्या गुरुजींनी एक गोष्ट पक्की डोक्यात घातली होती. 'नाव' लिहिलं, 'गाव' लिहिलं, की पुढं दोन टिंबं द्यायची आणि एक आडवी रेघ ओढायची. त्याशिवाय लिखाण पुरं होत नाही. वर्गातलं बाकीचं बरंच विसरलं, पण टिंबं आणि रेघ नत्थुजींनी कधी चुकवली नाही.

"मुलाचं नाव. दोन टिंबं, एक रेघ. मंग अमोल."

"चाचा, टिंबं-रेघ नाई लावली तरी चालते."

"तुह्या घरी चालत असन. सोयरिकीचं काम हाय, अर्धवट नाई पाह्यजे."

परवेजनं लावली. त्याच्या कीबोर्डची जागा सोडायची पट्टी अडकायची, म्हणून तो ती होता होईल तो दाबतच नसे. टिंबं, रेघ, आणि लगेच त्याला चिकटून नाव. आईचं नाव पार्बताबाई. मामाचं नाव धर्मपाल. शेतीपुढं कंसात 'कोरडवाहू'. शेवटी अपेक्षा आली.

"अपेक्षा काई नाई, असं लिव. पन ठळक लिव. नाईतं त्याइले वाटन, हुंडा मांगून राहिले."

परवेजनं ठळक दिसावं म्हणून 'काही नाही'च्या दोन्ही बाजूंना एकेक चांदणी लावली.

नत्थुजींनी चष्मा पुसून पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर धूळ होती, धुळीवर प्लास्टिक होतं, आणि नत्थुजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. अक्षरांच्या मधेमधे त्यांना पिवळे ठिपके दिसले.

"हे पिवळं काय रे?"

"नवा प्रोग्राम टाकला ना चाचा. आपोआप सजवते. अपने को कुछ करनाच नै पडता."

नत्थुजींचा जीव भरून आला. लग्नाच्या कागदाला हळदीचं बोट लावतात, हे या मशीनलाही कळतं म्हणायचं. "चांगला प्रोग्राम हाय," ते म्हणाले आणि हात जोडून पडद्याला नमस्कार केला. परवेजनं बायोडाटा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"नत्थुजी बोलून राहिले काय? मी महादेवराव, अकोल्याहून. तुमी आमची मस्करी करून राहिले काय?"

"नाई जी! काहून?"

"काहून? पोराच्या मायच्या नावापुढं जीभ काढेल तोंड हाय! मामाच्या नावापुढं बत्तीसही दात काढेल तोंड! शेतीपुढं रडकं!"

"रडकं तं बरोबरच हाय," चुलीजवळून पार्बताबाई पुटपुटली. नत्थुजींनी हातानं तिला गप्प केलं.

"आन् अपेक्षेपुढं काय हाय, सांगू? अपेक्षेपुढं मुका घेनारं तोंड! अहो, माह्या घरात पोरगी हाय. बायकोसमोर उघडला मी तो मेल!"

नत्थुजींनी टोपी काढून हातात घेतली. "साहेब, आईची आन घेऊन सांगतो, थे आमाले हळदीचे ठिपके वाटले."

"हळदीले दात असतात काय?" असं म्हणून महादेवरावांनी फोन आपटला.

पार्बताबाईला जेवण गेलं नाही. तिला जीभ काढलेल्या तोंडाचं सर्वांत जास्त लागलं होतं. "एवढे नावं होते कागदावर, मशीनले मीच सापडली काय?" असं ती दिवसभर म्हणत राहिली. अमोल शेतावरून आला. सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं, त्यामुळं त्याला पिवळ्या रंगाबद्दल ऐकायचंच नव्हतं. "जाऊ द्या बाबा," एवढंच तो म्हणाला. ते 'जाऊ द्या' ऐकून नत्थुजी दुसऱ्या सकाळी पहिल्याच एसटीला लागले. पोरगा रागावला असता तर ते घरी थांबले असते.

परवेजनं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. मग एका कागदावर करून दाखवलं. दोन टिंबं म्हणजे डोळे, रेघ म्हणजे नाक. पुढं इंग्रजीतला पी आला, की मशीन समजतं, जीभ काढली. डी आला की दात. कंस आला की रडू. चांदणी आली की मुका.

"म्हंजे माह्या पार्बतीचा पी?"

"हौ."

"मंग हे बंद कर बाप्पा!"

परवेज प्रोग्रामच्या आत शिरला. एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा खिडक्या उघडल्या. शेवटी एका चौकोनात बरोबरची खूण दिसली. त्यानं ती काढली आणि बाहेर आला. "झालं चाचा. एकदम बंद. आता माफीचा मेल टाकून देऊ."

नत्थुजी शब्द जुळवायला डोळे मिटून सांगू लागले. परवेज बोटांकडं बघून टाइप करू लागला. "विषय. टिंबं, रेघ. दिलगिरी. मंग लिव, चूक कोनाची. टिंबं, रेघ. परवेज."

"माह्यं नाव कायले चाचा?"

"मंग कोनाचं लिवू, माह्या बैलाचं?"

मेल गेला. मग परवेजनं मान वर केली आणि "या अल्ला" म्हणाला. खूण काढल्यावर खालचं एक बटण दाबायचं असतं, ते राहिलं होतं. दिलगिरी दात काढून हसत होती, आणि परवेजच्या नावापुढं त्याचीच जीभ बाहेर होती.

अकोल्याचा फोन या वेळी संध्याकाळपर्यंतही थांबला नाही.

"नत्थुजी! आता तं तुमची माफीच दात काढून राहिली!"

"साहेब, मी काय करू? थे मशीन मले मारून टाकते आता."

त्यांचा आवाज इतका रडवेला झाला होता, की महादेवरावांचा आवाजही खाली आला. मग मागून एक बाईमाणूस खळखळून हसलं. "त्याइले विचारा जी, आज मुका नाई पाठवला काय?" ती महादेवरावांची बायको जमुनाबाई होती. महादेवरावांनी तिला दटावलं, आणि दटावता दटावता त्यांनाही हसू फुटलं.

तिथून पुढं गंमतच झाली. दर दोन दिवसांनी अकोल्याहून फोन येऊ लागला. महादेवराव भांडायचे, नत्थुजी हात जोडायचे. भांडताना पाण्यापावसाची, गुडघ्यांची, सरकारची गोष्ट निघायची. जमुनाबाई पार्बताबाईशी बोलली. "माय, तुमची जीभ लई लांब हाय म्हणतात," असं म्हणाली, आणि पार्बताबाई पहिल्यांदाच हसली. एकदा तर महादेवरावांची उपवर मुलगी रागिणी फोनमागं ओरडली, "बाबा, त्याइले म्हणा मामाचा फोटो पाठवा, खरंच तसे दात हायेत काय पाहू दे!" नत्थुजींनी हे अमोलला सांगितलं. रविवारी अमोलनं कटिंग करून घेतली.

मग एके दिवशी महादेवराव म्हणाले, "नत्थुजी, दिवाळीनंतर या घरी. पन त्याच्या आधी एक साफ प्रत पाठवा. आमच्या मोठ्या भावाले दाखवा लागते. आन् खरं सांगू काय? त्या तोंडाइच्या पायी मीनंबी अजून धड वाचला नाई. पाह्यलं का हसूच येते."

नत्थुजी अंजनगावला गेले ते जवळजवळ धावतच. परवेज पुन्हा खिडक्यांत शिरला, खूण काढली, बटण दाबलं, बाहेर आला, परत आत जाऊन खात्री केली. मग त्यानं पी टाइप करून पाहिला. पी पीच राहिला. डी डीच राहिला. दोघांनी एकमेकांचे हात धरले. बायोडाटा नव्यानं लिहिला. टिंबं जागच्या जागी, रेघा जागच्या जागी, आणि एकही तोंड नाही. शेती स्वच्छ अक्षरात आली, कंसात कोरडवाहू.

दोन दिवस गेले. फोन नाही. चार दिवस गेले. पार्बताबाई फोनवर फडकं मारून परत परत जागेवर ठेवायची. शेवटी नत्थुजींनी स्वतःच लावला.

"नमस्कार," पलीकडून महादेवराव म्हणाले. "आपला बायोडाटा मिळाला. अतिशय व्यवस्थित आहे."

आजवर हा माणूस नत्थुजींशी वऱ्हाडीत भांडला होता. आज तो पुस्तकासारखा बोलत होता.

"मुलगा शेती करतो, असं आपण लिहिलं आहे."

"हौ जी. पहिलेबी लिवलं होतं."

"असेल. आमच्या पाहण्यात आलं नाही. मुलगा चांगलाच आहे, प्रश्न नाही. पण थोरल्या बंधूंचं मत पडलं, की मुलीला शहराची सवय आहे. आपण गैरसमज करून घेऊ नये."

"नाई जी. गैरसमज कायचा?"

मागं जमुनाबाई हसली नाही. नत्थुजींनी फोन हळूच ठेवला.

अमोल दारात पाय धूत होता. "रागावले काय?" त्यानं विचारलं.

"नाई रे. 'आपण' म्हणून बोलले."

अमोलनं तांब्या पालथा घातला आणि आत गेला.

पुढच्या बाजाराला नत्थुजी परवेजकडं गेले. का गेले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुकानाबाहेर नवी पाटी लागली होती : 'येथे बिनातोंडाचे बायोडाटे पाठवून मिळतील.' बाकावर टोपी घातलेले पाचसहा बाप हातात चुरगळलेले कागद धरून बसले होते. सगळ्यांची पोरं शेतीच करणारी, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. नत्थुजी टोकाला टेकले.

शेजारचा बाप बार्शीटाकळीकडून सोयऱ्याकडं आलेला होता. त्यानं विचारलं, "काकाजी, हा पोरगा एकदम साफ बायोडाटा पाठवते म्हणतात. खरं हाय काय?"

"खरं हाय. एक तोंड येत नाई."

"मंग चांगलं झालं."

नत्थुजींनी त्याच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं. मग त्याच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "तू त्याले तोंडं चालू करायले लाव."

"काहून? त्यानं सोयरीक जमते काय?"

"जमत नाई," नत्थुजी म्हणाले. "पन भांडायले तरी फोन येते."