अप्पांचा क्लाउडीचा क्लास

विश्वनाथअप्पा शेटे यांनी मला फसवलं. इंग्रजी बोलायला शिकवतो म्हणून फी घेतली आणि एकच शब्द शिकवला. त्यांच्या क्लासात बसलेले बाकीचे लोक लाजून गप्प राहतात. मी राहणार नाही.

शब्द होता क्लाउडी. म्हणजे ढगाळ, आभाळ आलेलं. बीडमध्ये खरंच आभाळ आलं तर माणसं दुकान सोडून रस्त्यावर येऊन वर बघतात. त्या बीडमध्ये मी अख्खा उन्हाळा रोज संध्याकाळी, पंख्याखाली पदरानं घाम पुसत म्हणत होते, इट इज क्लाउडी.

मला इंग्रजीची हौस नव्हती. माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. त्याआधी डोक्यावर पाटी घेऊन गेवराईपर्यंत फिरलेली बाई मी. जुनी लुगडी घ्यायची, त्यावर पातेली द्यायची. घासाघीस ही माझी एकच विद्या, आणि सांगितल्या भावात मी आजवर मिठाचा पुडासुद्धा घेतलेला नाही. पण गेल्या वर्षी इडलीचं पीठ वाटायचे ग्राइंडर दुकानात ठेवायचं मनात आलं. ते बनतात कोइंबतूरला. तिथल्या माणसाला मराठी येत नव्हती, हिंदी येत नव्हती. येत होती ती फक्त इंग्रजी. त्यानं भाव सांगितला आणि मी, मंगल भांडेवाली, फोन कानाला लावून मुकी उभी राहिले. सांगितल्या भावात माल घेतला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या अप्पांच्या ओट्यावर हजर झाले. त्यांच्या दाराला पाटी होती, 'स्पोकन इंग्लिश, बेसिकपासून'.

अप्पा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. लिंबागणेशकडच्या एका तलावावर बरीच वर्षं होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशाला दोन पेनं, आणि कानानं थोडे जड. बायको फार आधी गेली. गिरिजा ही एकुलती लेक केरळात दिलेली होती, तीही दोन वर्षांमागं आजारानं गेली. त्यानंतर काही महिन्यांनी दाराला ही पाटी लागली. गल्लीनं म्हटलं, बरं झालं, म्हाताऱ्याचा वेळ जाईल. वेळ आमचाही जाणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

क्लासात आम्ही चारपाच जण. सलीम रिक्षावाला, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी पूजा, मेडिकलमधली एकदोन पोरं आणि मी. पहिल्या दिवशी अप्पांनी फळ्यावर मधोमध लिहिलं, क्लाउडी. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "शब्दाच्या मागं पळू नका. एकच शब्द घट्ट धरा. काळ बदला, शब्द बदलू नका. बेसिक पक्कं पाहिजे."

मला ते पटलं होतं. दुकानातही एका वस्तूचा भाव पक्का कळला की बाकीच्यांचा अंदाज येतो. इट इज क्लाउडी. इट वॉज क्लाउडी. विल इट बी क्लाउडी? पहिला आठवडा मी घरी भांडी मांडतानाही म्हणत होते. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, आता शब्द बदलेल. तिसऱ्यात वाटलं, आता तरी.

पूजानं एकदा भीतभीत विचारलं, "अप्पा, क्लाउडीच्या ठिकाणी सनी म्हणलं तर चालंल का? आपल्याकडं तेच असतंय."

अप्पांनी खडू खाली ठेवला. "सनी पुढच्या वर्षी."

"आन रेनी?"

"एवढी घाई करू नये बाळ."

सलीम सगळ्यांत शहाणा. तो म्हणाला, "अप्पा, सवारी को किराया बोलना सिखाव. ये बादलां कब तक चलाना?"

"सलीम, बेसिक पक्कं न्हाई झालं तर वरची इमारत पडती बाबा."

"मेरी इमारत नै है अप्पा. रिक्षा है."

अप्पा हसले, सलीमच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं, हॅज इट बीन क्लाउडी?

क्लास सुटला तरी अप्पा सुटत नसत. पहाटे दूधवाला आला की पातेलं पुढं करत विचारायचे, "वॉज इट क्लाउडी यस्टरडे?" दूधवाला बिचारा म्हणायचा, "आईशप्पथ अप्पा, थेंबभर पाणी न्हाई घातलं." बाजारात कोथिंबीर घेताना, कापसे डॉक्टरांकडं सुई घेताना, मठात प्रसादाच्या पंगतीत, सगळीकडं क्लाउडी. लोकांनी कारणही काढलं होतं. जन्मभर तलावावर पाऊस मोजला, मोजण्यासारखा कधी आला नाही, तेच डोक्यात बसलं. मलाही हेच वाटायचं. कारकुनाच्या डोक्यात कचेरी राहते, दुसरं काय.

एक दिवस त्यांनी फळ्यावर लांबलचक वाक्य लिहिलं. इट वुड हॅव बीन क्लाउडी.

मी म्हटलं, "अप्पा, हे कधी म्हणायचं असतंय?"

"जे व्हायला पायजे व्हतं पण झालं न्हाई, त्याच्यासाठी."

"जे झालंच न्हाई त्याचं बोलून गिऱ्हाईक मिळतं का?"

अप्पांनी फळा पुसून टाकला आणि त्या दिवशी क्लास लवकर सोडला. मला वाटलं, कोंडीत पकडलं म्हाताऱ्याला.

एवढं शिकल्यावर मी कोइंबतूरला पुन्हा फोन केला. माल संपत आला होता आणि या वेळी भाव पाडायचाच होता. त्या माणसानं हॅलो म्हणताच मी ठणकावून विचारलं, "इज इट क्लाउडी इन कोइंबतूर?" तो इतका खूश झाला की विचारू नका. मागच्या वेळची मुकी बाई बोलायला लागली म्हणून असेल. तो भराभर बोलत सुटला. मला यस तेवढं कळलं. मग त्यानं काहीतरी विचारलं. ते भावाचं होतं हे त्याच्या आवाजावरून कळलं, कारण भाव विचारणाऱ्याचा आवाज जगात सगळीकडं सारखाच. पण माझ्याकडं दुसरं काही नव्हतंच. मी म्हटलं, "इट विल बी क्लाउडी टुमारो." तो म्हणाला ओके ओके. आठवडाभरात माल आला. भाव त्याचाच आणि ट्रकाचं भाडंही माझ्याच डोक्यावर.

आता मात्र माझं डोकं तडकलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. क्लास नसतो. मी सकाळीच अप्पांचं दार गाठलं. मनात वाक्यं तयार होती, मराठीत, आणि त्यात ढग कुठंच नव्हता. एक तर 'भाव कमी करा' हे इंग्रजीत शिकवा, नाहीतर पाटी उतरवा.

दार अर्धं उघडं होतं. आत अप्पा पाटावर ताठ बसले होते, अंगात धुतलेला सदरा, केस विंचरलेले. समोर स्टुलावर फोन. कान जड म्हणून स्पीकर लावलेला.

"इज इट क्लाउडी देअर?" अप्पा मोठ्यानं विचारत होते.

"येस, अप्पा. क्लाउडी." पलीकडून तरुण माणसाचा आवाज आला.

"वॉज इट क्लाउडी यस्टरडे?"

"यस्टरडे ऑल्सो क्लाउडी, अप्पा."

मला वाटलं, फोनवरूनही कुणाला तरी लुटायला लागले. पुढं होणार तेवढ्यात पलीकडचा माणूस थांबला. घसा खाकरला. मग एकेक शब्द वेगळा करून, लहान मुलाला सांगावं तसं बोलला. "अप्पा. माय मदर सेइंग, मॅरेज. नेक्स्ट मंथ, माय मॅरेज. आफ्टर मॅरेज, संडे, आय कॉल यू? ओके, अप्पा?"

माझ्यासारखीला कळलं ते अप्पांना कळलं नसेल, हे शक्य नव्हतं. पण ते म्हणाले, "हिअर इट इज नॉट क्लाउडी." आणि फोन बंद केला.

मग मान वर केली तर दारात मी.

"ये मंगल. शरणार्थ." त्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला.

"कोण व्हता?"

"बिजू. गिरिजाचा नवरा."

मी भांडायला आले होते, ते तसंच दाराबाहेर राहिलं. मी खाली बसले. अप्पा स्वतःहूनच सांगत गेले, माझ्याकडं न बघता.

गिरिजा बंगळुरूला नर्सिंगला गेली, तिथं बिजू भेटला. अप्पा आधी रुसले, मग लेकीपुढं किती दिवस रुसणार. पण बिजूला मल्याळम आणि थोडं इंग्रजी, अप्पांना मराठी आणि मोडकं हिंदी. मध्ये गिरिजा. "मी म्हणायचो, जेवला का. ती त्याला सांगायची. मी चार शब्द बोलायचो, ती धा सांगायची, आन तो हसायचा. माझ्या चार शब्दांत हसण्यासारखं काय व्हतं, कुणाला ठावं. ती काय घालायची मधी, आता इचारायची सोय न्हाई."

ती गेल्यावर पहिल्याच रविवारी बिजूचा फोन आला. दोघंही फोन धरून बसले. काय बोलणार आणि कशात बोलणार. "नुसता श्वास येत व्हता पलीकडून. लई वेळ. मग तो म्हणाला, हिअर क्लाउडी, अप्पा. मंगल, तो एक शब्द मला येत व्हता. तलावावरच्या कागदांत असायचा. मी म्हणलं, यस."

पुढच्या रविवारी अप्पांना कालचं विचारायचं होतं, म्हणून ते पूजाच्या बापाकडून वॉज शिकून आले. त्याच्या पुढच्या वेळी उद्याचं. एकेक काळ, एकेका रविवारसाठी. पण एकट्यानं म्हणून बघताना घर घुमायचं, आणि आपलंच बोलणं आपल्याला नीट ऐकू यायचं नाही. समोर माणसं पाहिजेत असं वाटलं, म्हणून पाटी लावली.

म्हणजे शिकणारे आम्ही नव्हतोच. आम्ही फी भरून अप्पांची उजळणी ऐकत होतो. असला व्यवहार मी जन्मात बघितला नव्हता. पण तो मुद्दा त्या दिवशी काढला नाही.

मी म्हटलं, "आन आज तो काय म्हणाला, ते कळलं का?"

"न्हाई बा. लई भरभर बोलला."

"अप्पा, भरभर कुठला. शाळेतलं पोरगं वाचतंय तसा बोलला. मॅरेज कळत न्हाई तुमाला? गल्लीत निम्म्या घरांवर मॅरेज हॉलचं कॅलेंडर लटकतंय."

अप्पा सदऱ्याचं बटण फिरवायला लागले. मग म्हणाले, "हो म्हणलं तरी संपलं, न्हाई म्हणलं तरी संपलं. नवी बायको आल्यावर पहिलीच्या बापाला कोण फोन करतंय. आज हौसंनं म्हणतो, दोन महिन्यांनी इसरतो. मला कळलंच न्हाई म्हणलं, तर निदान हाय तसं ऱ्हातं."

"तो इचारतोय ना पण. कावून इचारंल, करायचाच नसता तर?"

"तू दुकानाला जा, मंगल. गिऱ्हाईक येऊन जाईल."

तेव्हापासून क्लास नेहमीसारखा भरतो. सोमवारी फळ्यावर क्लाउडी, सलीमची कुरकुर, पूजाची जांभई. मला आता 'रिड्यूस द रेट' येतं. ते मला पूजानंच तिच्या पुस्तकातून शिकवलं. कोइंबतूरवाल्यानं दर उतरवला. माझी फसवणूक एवढ्यापुरती फिटली, असं मी समजते.

पण रविवारी सकाळी अप्पा फोन घरात ठेवतात आणि बाहेर येऊन ओट्यावर बसतात. आमच्या दोन घरांची भिंत एकच आहे. फोन वाजतो, थांबतो, परत वाजतो. अप्पांना ऐकू येत नाही, असं गल्लीला वाटतं. ओट्यावरून त्यांना कुल्फीवाल्याची घंटी ऐकू येते, हे मला माहीत आहे.

मी वाद घालून बघितला. जेवणाचा डबा घेऊन गेले, डबा परत घेऊन येईन म्हणून धमकी दिली. ते म्हणतात, "बघू." मी तीस वर्षं बघू ऐकत आले आहे. बघू म्हणणारं गिऱ्हाईक घ्यायला आलेलं नसतं, पण त्याला दुकानातून जायचंही नसतं.

म्हणून हे लिहिते आहे. हे छापून आलं की अप्पा वाचतील, कारण गल्लीत येणारं प्रत्येक छापील पान ते वाचतात. तर अप्पा, सगळ्यांदेखत विचारते. केरळात बसलेल्या त्या पोराला ना तुमच्या जमिनीत वाटा पाहिजे ना घरात. त्याच्या आईनं सांगितलेलं लग्न करण्याआधी त्यानं ज्याला विचारलं, ते तुम्ही. लग्नानंतरही फोन करू का, एवढंच तो विचारतोय. मी आयुष्यभर समोरच्याला भावात खाली ओढत आले, पण इतक्या कमी बोलीचं मागणं मी कधी ऐकलं नाही. त्याला होय म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण माणूस विचारत असताना ओट्यावर जाऊन बसायचं, हे मी चालू देणार नाही. येत्या रविवारी फोन वाजेल. मी भिंतीला कान लावून उभी आहे. त्याला काय सांगताय, अप्पा?