शेनकिड्याच्या वाट्याचा मुलुख

पोरांनो, लावता का पैज? ह्या गोष्टीचा शेवट वळखून दावा. सिंव्ह हिरीत पडतो, असं कोन म्हनला? गप बस. हितं हीरच न्हाई.

एका जंगलात जनावरांची नुसती खिचडी व्हती. सशाच्या दारात हत्ती, हत्तीच्या पाठीवर बगळा, बगळ्याच्या अंगावर पिसवा. कुनाची काय तक्रार नव्हती. म्हंजे जंगल मागासच म्हना की.

एका हिवाळ्यात लांबच्या मुलखातनं एक करकोचा आला. त्यानं सिंव्हराजाला जगाची खबर दिली.

"म्हाराज, पांढरी अस्वलं बर्फात ऱ्हात्यात. उंटं वाळूत. पोटाच्या पिशवीत पोर घालून उड्या मारनारं एक जनावर हाय, ते पार समुद्रापल्याड. ज्येचा त्येचा मुलुख ठरल्याला हाय."

"आन आपल्यात?"

"आपल्यात बाजार भरलाय."

राजाला लई लाज वाटली. त्यानं हुप्पाजी वानराला बोलावलं. "नकाशा काढ. समद्यास्नी मुलुख वाटून दे."

हुप्पाजीनं जल्मात नकाशा बघितला नव्हता. पर हुकूम म्हंजे हुकूम. त्यानं सागाचं एक पान तोडलं. पानावर शिरा आयत्याच व्हत्या.

"ह्या आपल्या शिवा," त्यो म्हनला. ह्या दोन शिरांमधी हत्ती. त्या दोन शिरांमधी हरनं. देठाकडं रानडुकरं. शेंड्याला मोहाची समदी झाडं, तितं वानरं. कशी काय, ते इचारू नगा.

राजानं दवंडी पिटली, "जो शीव वलांडंल, त्येला मी खाईन!"

मंग शेनाची गोळी मागच्या पायांनी ढकलत आला गबाजी शेनकिडा. मागं कारभारीन साळू, आन तिच्या मागं सतरा पोरं.

"आमचा मुलुख कंचा, हुप्पाभाऊ?"

हुप्पाजीनं पान उलटंपालटं केलं. जागा उरलीच नव्हती. अळीनं खाल्लेलं एक भोक तेवढं व्हतं.

"ह्यो तुजा."

"आरं, हे तर भोक हाय!"

"मंग? दुसऱ्या कुनी मागितलंय का?"

साळू फनकारली, "भोकात शेन कोन टाकनार, तुजा बा? पोरांनी खायाचं काय?"

"जे नकाशात न्हाई, ते जंगलात न्हाई," राजा म्हनला. "निघा."

गेली बिचारी जंगलाभाईरच्या माळावर. माळावर शेनाचा एक पो न्हाई. पोरं उपाशी, साळू रडून रडून बेजार.

हिकडं पैल्या दिशी कुनाला काय कळलं न्हाई. चौथ्या दिशी हत्तीच्या मुलखात हत्तीलाच पाय ठिवायला जागा ऱ्हायली न्हाई. आठव्या दिशी राजा डरकाळी फोडायला टेकाडावर चढला, आन कमरेपातुर आत गेला.

ते टेकाड नव्हतं.

तसाच माखलेला राजा माळावर पळाला. मागं माश्यांची वरात.

"गबाजीराव, चला घरी!"

"कसा येऊ, सरकार? शीव वलांडली की तुमी खानार."

"न्हाई खात, बाबा!"

"मंग राजाचा सबूद खोटा?"

करकोचा वरनं बघतच व्हता. राजाची पंचाईत झाली. 'व्हय' म्हनावं तर जगभर बोंब.

साळूनं डोळं पुसलं. "आवं सरकार, तुमाला कुठं शीव हाय? तुमीच शेन आना की. आमी हितं घेतो. पर गोळी गोल पायजे. चपटी चालायची न्हाई."

तवापास्नं राजा सकाळी उठतो, पुढच्या पायांवर तोल धरतो, आन मागच्या पायांनी गोळी ढकलत उलटा माळाकडं जातो. साळू गोळी फिरवून फिरवून बघती, आन दोनातली एक परत धाडती.

तात्पर्य: नकाशा एकदम बरुबर व्हता. जनावरांनी हागायचं तेवढं बंद केलं असतं, तर आजबी समदं जागच्या जागी असतं. पर त्येंनी ऐकलं न्हाई, आन बिचारा राजा आता शिकारीलाबी उलटाच जातो.