तीनशे नव्याण्णवचा ट्रॅक्टर

"तीनशे नव्याण्णवला ट्रॅक्टर मिळालाय. घ्यावा म्हणतोय," भरमू बशीतला चहा फुंकत म्हणाला.

मंगलनं तव्यावरची भाकरी उलटली. "फोनातला?"

"मग काय शोरूममधला?"

"त्यावर बसून कामाला जाता येतंय?"

"न्हाय."

"मग बसचा पास वाया जात न्हाय. बरं झालं."

येळ्ळूरचा भरमू उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथ चालवायचा आणि उरलेल्या वेळात दोन शेत्या करायचा. एक बापाकडून आलेली, तीस गुंठे, बासमतीची. दुसरी फोनातली, फुकट मिळालेली. फुकट द्यायला गेमवाले काही भरमूचे मेव्हणे नव्हते, पण हे त्याला कळायला एकतीस लेव्हल जाव्या लागल्या. पहिल्या तीस लेव्हल पीक तासाभरात यायचं. एकतिसाव्या लेव्हलला मका सोळा तास घ्यायला लागला, आणि नेमका सकाळी दहाला पिकायला लागला. दहाला भरमू लेथवर. आणि पिकलेलं वेळेत काढलं नाही तर शेजारच्या रानवाल्यानं खुशाल उचलून न्यावं, असा त्या गेमचा कायदा. ज्यानं हा कायदा केला त्याला एकदा सुगीत गावात आणून सोडायला पाहिजे होतं.

भरमूच्या रानाला लागून 'वाघीण' नावाचं कोणाचं तरी रान होतं. ही वाघीण रोज दहा वाजून पाच मिनिटांनी यायची, मका न्यायची आणि जाताना बांधावर झेंडूचं एक फूल ठेवायची. मका गेल्याचं भरमूला तेवढं वाटत नव्हतं. ते फूल बघून त्याचं डोकं फिरायचं.

ट्रॅक्टर असला तर पीक तिथल्या तिथं कापून घरात. पण तीनशे नव्याण्णव.

"हातात धरता येत न्हाय त्याला पैसा घालणारा येडा," असं भरमूनंच महिन्याभरापूर्वी कारखान्यात सगळ्यांसमोर म्हटलं होतं. आता ते गिळायचं कसं? मग एक दिवस त्याला गेममध्ये कोपऱ्यातलं बटण दिसलं. शेजाऱ्याची मदत. एक माणूस रानात येऊन गेला की पीक दोन तास आधी तयार. फुकट. भरमूनं मांडीवर थाप मारली. हे तर आपल्या गावात आज्ज्याच्या आधीपासून आहे.

आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. मजुरी नाही, कागद नाही, फक्त दिवस लक्षात ठेवायचे. ह्याला पैरा म्हणतात. गेल्या पंधरवड्यात भरमू रजा टाकून सात जणांच्या भातकापणीला पैऱ्यानं राबला होता. येता सोडून त्याच्या पुढच्या रविवारी ते सातही जण त्याच्या रानात उतरणार होते. तीच सात माणसं त्यानं धरली. घरोघरी गेला आणि प्रत्येकाच्या फोनात स्वतःच्या हातानं गेम घालून दिला.

"आक्का, रोज एकदा माझ्या रानात येऊन जायचं. पैरा म्हणून."

नागुबाईनं चष्मा पुसला. कापणीच्या टोळीची ती म्होरकी. ती निघाली की बाकीचे निघायचे. "पैरा म्हणतोस?"

"पैराच की."

"मग यायला पाहिजे," नागुबाई म्हणाली.

आठ दिवस भरमू राजा होता. सात माणसं यायची, मका रात्रीच तयार व्हायचा, वाघीण रिकाम्या रानात फिरून जायची. सातही जणांना त्यानं विचारून बघितलं, वाघीण कोण? आपण नव्हे म्हणून सगळ्यांनी देवाची शपथ घेतली. असली तरी कबूल कोण करणार? झाली पैशाची बचत आणि राहिला शब्द, म्हणून भरमू खूश होता.

नवव्या दिवशी लेथवर असताना फोन आला.

"भरमू, माझ्या गाई थांबल्यात. ये."

"आक्का, मी कामावर हाय."

"मी काय लग्नात हाय? मी चुलीफुडनं आलतो न्हवं तुझ्याकडं?"

भरमू संडासात जाऊन गाई पिळून आला. अकराला मष्णूची कोंबडी, बाराला रवळूचा ऊस. सातही जणांची रानं आता वाढीला लागली होती. दुपारपर्यंत भरमू पाच वेळा संडासात जाऊन आला. कन्नड सुपरवायझर दारातच उभा होता.

"येन्री भरमण्णा, होट्टी नोवेनु?" पोट दुखतंय का, असं त्यानं मायेनं विचारलं.

"हौद्री," भरमू पोट धरून म्हणाला. मायेच्या माणसानं गोळ्या आणल्या आणि समोर उभा राहून गिळायला लावल्या. त्या गोळ्यांनी पुढचे दोन दिवस भरमूला संडासात जायचं काही कारणच उरलं नाही. लोकांच्या गाई तशाच उभ्या राहिल्या.

रविवार उजाडला. भात पिकून पिवळंधमक झालं होतं. सकाळच्या दवात कापलं तर ठीक, ऊन तापलं की दाणे रानातच झडणार. सोमवारपासून टोळी उचगावला जाणार होती. भरमू सातलाच रानात जाऊन उभा राहिला. साडेसात झाले तरी बांधावर चिटपाखरू नाही. तो तसाच नागुबाईच्या दारात आला. कट्ट्यावर सातही जण फोनात माना घालून बसले होते.

"आक्का, चला की. दव सुकायलंय."

"बस. च्या घे."

"च्या रानात. इळा घ्या."

"कुठल्या रानात? पैरं फिटलं की रं."

"फिटलं? कधी?"

"तुझं आमच्याकडं एका दिवसाचं पैरं," नागुबाई शांतपणे म्हणाली. "मी बारा येळा तुझ्या मक्यात आलोय. तू माझ्याकडं आलास चार येळा. आठ उलट तुझ्यावरच."

"आक्का, ते खोटं रान."

"मग खोट्या रानासाठी खरा दारात का आलतास? पैरा म्हणालतास. मष्णू बसलाता इथंच."

"म्हणालता," मष्णू मान वर न करता म्हणाला. तो कोंबड्यांना दाणे घालत होता.

रवळू एकदा पंचायतीवर निवडून आला होता. त्यामुळं न्याय त्यालाच करावा लागायचा. "हे बघ भरमू. भांडायचं न्हाय. तू आमचं फेड, आम्ही तुझं कापतो."

"आत्ता? सात रानं? दुपार व्हईल."

"मग दुपारी येतो."

"दुपारी काय येतोस? दाणे येचाय?"

भरमूनं कपाळाला हात लावला. वर्षाचं भात तिकडं बांधापलीकडं उभं होतं आणि इकडं सात शहाणी माणसं मोजत होती की कोणी कुणाचा मका किती वेळा दाबला. राग कोणावर काढणार? पैरा हा शब्द त्याच्याच तोंडातून गेला होता, आणि ह्या गावात तो शब्द मागं घेतलेला माणूस त्यानं तरी पाहिला नव्हता.

"ट्रॅक्टर घे की," नागुबाई म्हणाली.

"काय?"

"तीनशे नव्याण्णवचा. तो लागून असल्याली समदी रानं एका दमात कापतोय. जाहिरातीत दावत्यात."

"तुम्हीबी जाहिराती बघताय?"

"दोन मोती मिळत्यात बघितलं की."

एवढ्यात डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन मंगल आली. "अवो, रानात कोणच न्हाय. तुम्ही हितं काय करताय?"

"ट्रॅक्टर घेतोय," भरमू म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

फोनातून ट्रॅक्टर निघाला. पीक घरात आलं की त्या गेममध्ये गाय हंबरायची. नागुबाईच्या फोनात हंबरली. मग मष्णूच्या. मग रवळूच्या. एकामागून एक सात गाई हंबरल्या. कट्ट्यावरचे लोक समाधानानं उठले, विळे काढले, फोन खिशात घातले.

तेव्हा आठवी गाय हंबरली. भाकरीच्या बुट्टीत.

सगळ्यांनी बुट्टीकडं बघितलं. मंगलनं डोक्यावरचं चुंबळ नीट केलं.

"चला," ती म्हणाली. "ऊन व्हायलंय."

ऊन तापायच्या आत निम्मं भात आडवं झालं, आणि मग ढग आले म्हणून उरलेलंही झडलं नाही. सात माणसं लावायची म्हटली असती तर मजुरीत खराखुरा ट्रॅक्टर दिवसभर भाड्यानं मिळाला असता. म्हणजे तीनशे नव्याण्णव स्वस्तच पडले. भरमूला मात्र हे मोठ्यानं म्हणायचं धाडस झालं नाही.

कापत कापत तो मंगलच्या ओळीला आला.

"रोज धाला?" त्यानं हळूच विचारलं.

"पिकल्यालं रान उघडं टाकून तुम्ही कामाला जाताय. मी न्हाय तर दुसरं कोण तर नेणारच की."

"कितवी लेव्हल हाय तुझी?"

"बावन्न."

भरमूनं पेंढी बांधली. गाठ सुटली, पुन्हा बांधली.

"आन् ते झेंडूचं फूल कशाला ठेवायचीस गं?"

मंगलनं मूठभर भात धरून विळा फिरवला. "नवऱ्याचं रान," ती म्हणाली. "अगदीच फुकट कसं न्यायचं?"