सक्करेचा सौदा

"पंधरा दिवस, अप्पा. फक्त पंधरा," असं म्हणत भुवनेश्वरीने रिक्षातून आधी एक पिशवी उतरवली, मग एक सतरंजी आणि मग एक तपकिरी कुत्री. कुत्री किंचित लंगडत थेट महादेवप्पांकडे गेली आणि त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून बसली. सोलापूरच्या सगळ्या भवानी पेठेत तिला हेच घर हवं होतं अशा थाटात.

भुवनेश्वरी ही महादेवप्पांची मुलगी. शाळेत शिकवायची आणि उरलेल्या वेळात जखमी कुत्र्यांना सांभाळणाऱ्या एका मंडळाचं काम करायची. ही कुत्री दुधनीच्या बाजारात टेम्पोखाली आलेली. मोडलेला पाय जुळला होता, लसी झाल्या होत्या, नसबंदीही झाली होती. आता कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी ठेवून घ्यायला हवं होतं.

"माझ्या फ्लॅटात आधीच दोन आहेत," भुवनेश्वरी म्हणाली. "आणि तुम्ही रिटायर होऊन नुसते बसलाय की."

"नुसता कुटं बसलोय," महादेवप्पा म्हणाले. पण बसले होते हे खरंच. नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात अडतीस वर्षं गादीवर बसून साड्या उलगडलेल्या माणसाला घरी काय काम असणार? ते बायकोच्या वाळलेल्या साड्यांच्या घड्या घालायचे आणि घडी घालता घालता तिलाच पदर दाखवायचे. हेमावतीबाई या प्रकाराला कंटाळून गेल्या होत्या.

त्यांनी दारातच बजावलं, "पंधरा म्हणजे पंधरा. स्वयंपाकघरात पाय ठेवायचा न्हाई. आणि मी काय तिला हातबित लावणार न्हाई."

चौथ्या दिवशी त्यांनीच तिचं नाव सक्करे ठेवलं आणि स्वयंपाकघरात बसवून दही-भाकरी घातली. सक्करे म्हणजे कन्नडात साखर. स्वभावच तसा होता. दूधवाला आला की शेपूट हलायची, विजेचं मीटर बघणारा आला की हलायची, वर्गणी मागणारे आले तर सगळं अंगच हलायचं. वर्गणीवाल्यांचं असं स्वागत त्या घरात कधी झालेलं नव्हतं.

महादेवप्पांची तर कळीच खुलली. ते रोज सकाळी सक्करेला घेऊन गल्लीतून निघायचे आणि कुणी विचारो न विचारो, थांबून सांगायचे, "दुधनीची हाय. रंग बघा, उन्हात बघा. असा रंग आता येत न्हाई." माणूस पुढे सरकायला लागला की म्हणायचे, "अहो, बघून तर जावा, बघायला काय पडतंय?" पंधरा दिवसांत माल खपवून दाखवतो, असा शब्द त्यांनी मुलीला दिला आणि आपला फोन नंबर मंडळाच्या जाहिरातीत घालायला लावला.

इथेच घोटाळा झाला. गिऱ्हाईक मागेल ते आपल्याकडे आहे, एवढं एकच शास्त्र महादेवप्पा आयुष्यभर शिकले होते.

पहिला फोन दुधनीचे तुरीचे आडतदार बाळासो यांचा. त्यांना गोदामाला राखण हवी होती. "राखण?" महादेवप्पा म्हणाले, "अहो, नजर बघा तिची. माणूस उंबऱ्यावरच थिजतो." दुसरा फोन जुळे सोलापुरातल्या राजनंदिनी नावाच्या बाईंचा. त्यांच्या घरात तीन वर्षांची मुलगी होती, म्हणून गरीब स्वभावाची कुत्री हवी होती. "गाय हाय हो, गाय," महादेवप्पा म्हणाले. तिसरा फोन दोन गल्ल्या पलीकडच्या मुक्ताबाईंचा.

"तुमाला कशी पायजे?" महादेवप्पांनी विचारलं.

"बघितल्याबिगर काय सांगू?" मुक्ताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. महादेवप्पांना अशा गिऱ्हाइकाची सवय नव्हती.

तिघांनाही त्यांनी रविवारी दहाला बोलावलं.

भुवनेश्वरीने कपाळाला हात लावला. "अप्पा, कुत्री एक आणि माणसं तीन?"

"गर्दी दिसली की माल उठतो. एकीच्या हातात बघितलं की दुसरीला तेच पायजे असतंय. तुला काय कळतंय धंद्यातलं?"

शनिवारी दुपारी त्यांनी सक्करेला अंघोळ घातली, टॉवेलनं पुसली आणि पुसता पुसता हेमावतीबाईंना हळूच म्हणाले, "ठिवून घ्यावी का आपणच?"

हेमावतीबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुमी एकाहत्तर. ती दोन वर्षांची. तिच्यापुढं अजून दहा-बारा वर्षं हाईत. तुमचा गुडघा आत्ताच जिना चढंना, उद्या तिच्यामागं कोण पळणार?" सोललेले दाणे त्यांनी डब्यात ओतले. मग म्हणाल्या, "मला काय वाटत न्हाई व्हय? पण तिचं बघायला पायजे."  कोरडी झालेली सक्करे महादेवप्पांनी पुन्हा एकदा पुसली.

रविवारी दहाच्या ठोक्याला तिघंही हजर झाले. बाळासो खुर्चीत, राजनंदिनीबाई स्टुलावर, आणि मुक्ताबाई भिंतीला टेकून खाली सतरंजीवर. मुक्ताबाई सत्तरीच्या, अक्कलकोट तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. धनी गेल्यावर त्यांनी शेत स्वतः केलेलं, आता दोन लेकांच्या, पळत्या नातवंडांच्या भरल्या घरात राहत होत्या. त्यांनी चहा घेतला आणि कप बाजूला सारला.

महादेवप्पांनी सक्करेला मध्ये आणली आणि सवयीनं हात पसरले. तेवढ्यात सक्करे बाळासोंच्या पायाशी गेली, उताणी झाली आणि पोट खाजवून घ्यायला चारी पाय वर करून पडली.

"ही राखण करणार?" बाळासोंनी विचारलं.

असल्या वेळी महादेवप्पांच्या तोंडून काय यायचं ते ठरलेलं असायचं. पावसात विटलेल्या साडीलासुद्धा ते 'शेड' म्हणत. एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी मालातली खोट सांगितलेली नव्हती. पण आज त्यांच्या तोंडून आलं, "न्हाई हो. चोर आला तर त्याला दिवा कुटं लागतो ते दाखवंल."

आत हेमावतीबाईंच्या हातातलं उलथनं थांबलं.

"पण गोड आहे हो किती," राजनंदिनीबाई म्हणाल्या. "आमच्या छोटीला फार आवडेल."

"केस गळतात," महादेवप्पा घाईघाईनं म्हणाले. "लई गळतात. वरणात सापडतात. आणि चपला खाती. डाव्या पायाचीच खाती, म्हणजे उरलेली दुसऱ्या कुणाला देता पण येत न्हाई."

"अप्पा," भुवनेश्वरी दबक्या आवाजात म्हणाली, "काय चाललंय?"

महादेवप्पांना स्वतःलाच कळत नव्हतं. बाळासो उठायला लागले, राजनंदिनीबाईंनी पर्स उचलली. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं पायरी उतरत होतं आणि महादेवप्पा नुसते बघत बसले होते.

मग भुवनेश्वरीच पुढे झाली. तिनं बाळासोंसमोर मोबाइल धरला. "बसा हो काका, बघून तर जावा. आमच्या मंडळातला हा काळा कुत्रा बघा. आवाज ऐका याचा. आमच्या डॉक्टरांनासुद्धा ओळख दिल्याशिवाय आत सोडत नाही. गोदामासाठी याच्यापेक्षा कडक मिळणार नाही. आणि ताई, तुम्ही हे आखूड केसांचं पिल्लू बघा, तुमच्या मुलीबरोबरच वाढेल." पाऊण तासात बाळासोंनी काळा ठरवला आणि राजनंदिनीबाईंनी पिल्लू. दोघांची घरं बघून मग सोपवायचं असं ठरलं. महादेवप्पा तोंड उघडं टाकून ऐकत होते. त्यांचा ऊर भरून आला. दुकानात एवढी वर्षं हाताखाली पोरं शिकवली, पण खरी तयार झालेली तर घरातच होती.

ते दोघं गेले तेव्हा मुक्ताबाई अजून सतरंजीवरच होत्या. त्यांनी सक्करेला जवळ घेतलं, दात बघितले, कान उलटून बघितला, जुळलेल्या पायावरून अंगठा फिरवला.

"अजून काय खोट हाय?" त्यांनी विचारलं.

"झोपेत घोरती," महादेवप्पा म्हणाले.

"आनि?"

"पाव्हण्याचं बिस्कीट चोरती."

"आनि?"

महादेवप्पांनी बराच विचार केला. माल संपला होता.

"झालं सांगून?" मुक्ताबाई म्हणाल्या. "मी बैलबाजारात हुबी ऱ्हायलेली बाई हाय, अप्पा. इकणारा गुण सांगाय लागला की आमी पाय तपासतो. आन सोताहून खोट सांगाय लागला की समजायचं, ह्याचा जीव अडाकलाय, ह्याला इकायचंच न्हाय. मंग त्ये जनावर सोडायचं नसतंय. मला हीच पायजे."

 मुक्ताबाईंनी खाटेवरचा टॉवेल ओढला, महादेवप्पांच्या आणि आपल्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो, भाव दोघांच्या बोटांत राहतो. "आटवड्यातनं किती दिस भेटाय येनार?"

महादेवप्पांनी अख्खा पंजा दाबला. मुक्ताबाईंनी मान हलवून एक बोट दाबलं. महादेवप्पांनी चार. मुक्ताबाईंनी दोन. दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते, आणि टॉवेल हलत होता. दारात उभ्या हेमावतीबाईंनी हे बरंच सोसलं.

"सौदा झाला असंल तर हात सोडा की," त्या म्हणाल्या.

तीनवर सुटलं.

मग मात्र महादेवप्पा भडाभडा बोलायला लागले. "ताई, फटाक्याला भिती ती. तवा जवळ बसावं लागतंय. एकटी जेवत न्हाई, कुणीतरी शेजारी पायजे. आणि उजव्या कानामागं खाजवलं की..."  त्यांनी टॉवेल डोळ्यांना लावला. "आणि केस एवढे न्हाईत गळत."

"म्हाईत हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. सक्करे त्यांच्याबरोबर शेपूट हलवत निघाली, आणि कोपऱ्यावर जाऊन महादेवप्पांकडे बघत उभी राहिली. त्यांना हातानं 'जा' म्हणावं लागलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस महादेवप्पा सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून दोन गल्ल्या पलीकडे गेले. गुरुवारी खाटेवर बसून साडीची घडी घालू लागले. सौदा म्हणजे सौदा. दहा वाजता दार खाजवल्याचा आवाज आला. बाहेर सक्करे होती आणि तिच्यामागे मुक्ताबाई.

"तुमचे तीन दिस झाले," मुक्ताबाई आत येत म्हणाल्या. "आमी कितीदा यायचं त्ये तुमी इचारलंच न्हाय. आता रोज येनार. हेमाबाई, च्या टाका."

हेमावतीबाईंनी आधीच दूध काढलं होतं. महादेवप्पा मात्र सदरा चढवून, सक्करेला घेऊन बाहेर पडले आणि भवानी पेठेत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले की दोन गल्ल्या पलीकडच्या एका बाईनं आपल्याला सौद्यात साफ गुंडाळलं. हरल्याची गोष्ट इतक्या अभिमानानं सांगणारा माणूस गल्लीनं पहिल्यांदाच बघितला.