वज्रमुंगुसाचा तीनशेवा अंक

एका जंगलात एक कावळा चित्रकथांचं मासिक काढत असे. हसू नका मुलांनो, याहून वाईट पक्षी संपादक झालेले मी पाहिले आहेत.

मासिकाचा नायक होता वज्रमुंगूस. अंगात शंभर हत्तींचं बळ, खांद्यावर पळसाच्या पानांचा शेला. दर महिन्याला तो सप्तफण्या नागाला लोळवी आणि दर महिन्याला शेवटच्या पानावर नाग बिळात निसटे. दोनशे नव्व्याण्णव अंक दोघांची रोजीरोटी अशीच चालली होती.

मासिकाचा सगळ्यात निष्ठावंत वाचक म्हणजे दगडू ससा. नाव दगडू, काळीज लोण्याचं. त्याचं बीळ आणि हरळीचं कुरण यांच्या मध्ये एक तरस राहत असे. रोज सकाळी दगडू डोळे मिटून "वज्राची आण!" म्हणे आणि जीव घेऊन पलीकडे पळे. त्या दोन शब्दांवर त्याचं पोट चाललं होतं.

तीनशेव्या अंकाची जाहिरात झाली. 'अंतिम लढाई! नाग तरी राहील, नाही तर मुंगूस!' जंगलाला दुसरं काही सुचेना.

अंक आला. पहिली सोळा पानं वज्रमुंगूस झाडाखाली बसून जुन्या लढाया आठवत होता. म्हणजे जुनीच चित्रं पुन्हा छापली होती. मग चार पानं संपादकांचे आभार, तेही संपादकांनीच मानलेले. मग एकदाचा नाग आला. म्हणाला, "आज माझी कात निघतेय, नंतर बघू." आणि गेला. शेवटच्या पानावर वज्रमुंगुसानं एक जांभूळ तोंडात टाकलं. बी घशात अडकली आणि तो मेला.

दगडूनं पान उलटून पाहिलं. मागे साळिंदरांसाठी काट्यांच्या तेलाची जाहिरात होती.

"सात फण्यांना पुरून उरला, आणि जांभळानं गेला?" तो शेजारच्या चंद्राक्का खारीपाशी रडला. "मग माझं काय, आक्का? मी आता कुणाच्या जिवावर बाहेर पडू?"

तो बिळात जाऊन बसला. चंद्राक्का दारात दोन पानं टाकी, तेवढ्यावर राहू लागला. दिवसेंदिवस वाळत चालला.

दहाव्या दिवशी प्राण्यांनी नदीकाठी वज्रमुंगुसाचा पिंड ठेवला. पंचाईत अशी, की जंगलात कावळा एकच. संपादकही तोच आणि पिंडाला शिवणाराही तोच. तो करंजाच्या फांदीवर मान तिरकी करून बसला आणि खाली येईना.

"नागाचा सूड घेऊ!" माकड म्हणालं. कावळा हलला नाही.

"मोठं स्मारक बांधू!" रानडुक्कर म्हणालं.

"जंगलातली सगळी जांभळं तोडू!" हत्ती म्हणाला. कावळ्यानं एक डोळा मिटून घेतला.

उन्हं चढली. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले, झाडावरचा मात्र गप्प. शेवटी म्हातारं कासव वैतागून म्हणालं, "बाबा रे, पुढचाही अंक घेऊ. झालं?"

कावळा झपकन उतरला, पिंडाला शिवला आणि पंखाखालून कागद काढून वाटू लागला. 'वज्रमुंगूस परत येतोय!'

चंद्राक्का धावतच दगडूकडे गेली. "अरे, तो मेलाच नव्हता म्हणे! नुसता ठसका लागला होता."

"ठसका?" दगडूचे कान ताठ झाले. "आणि मी दहा दिवस सुतक पाळलं?"

त्यानं अंकाची गुंडाळी केली आणि तो बाहेर पडला. "अरे, तरस आहे ना तिथे!" चंद्राक्का ओरडली. त्याला ऐकूच गेलं नाही.

तरस दात विचकत आडवं आलं. "काय दगडोबा, आज डोळे उघडे?"

"बाजूला हो! सोळा पानं जुनी छापलीत मेल्यानं!" म्हणत दगडूनं ती गुंडाळी त्याच्या नाकावर हाणली. तरस जन्मात पहिल्यांदा बाजूला झालं.

करंजाखाली उभं राहून दगडूनं कावळ्याला तासभर सुनावलं. कावळ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "किती मनापासून वाचता हो तुम्ही!" तो म्हणाला. "लिहून द्या, वाचकांच्या पत्रांत छापू."

दगडू तणतणत परतला. वाटेत थांबून त्यानं पोटभर हरळी खाल्ली. तरस लांबून नाक चोळत बघत राहिलं. पुढे महिनाभर दगडूचा राग काही उतरला नाही. महिनाभर तो ताठ मानेनं कुरणात गेला आणि अंगानं चांगला भरला. चंद्राक्काला त्याच्याकडे पाहून फार बरं वाटे.

मग तीनशे एकावा अंक आला. आणि काय सांगू मुलांनो, तो फारच सुंदर निघाला. दगडूनं तीनदा वाचला. डोळे पुसले. राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिळाबाहेर आला. समोर तरस बसलं होतं. त्यानं डोळे मिटले, "वज्राची आण!" म्हटलं आणि धूम ठोकली. पलीकडे पोचला खरा, पण शेपटीचे निम्मे केस तरसाच्या दातांत राहिले.

तात्पर्य: मुलांनो, चांगल्या अंकासाठी हट्ट धरू नये. चांगला अंक वाचून ससा ससाच राहतो. सशाचा वाघ करायचा तर अंक भिकारच निघाला पाहिजे, आणि त्यासाठी आपले संपादक किती कष्ट घेतात, ते तुम्ही पाहताच आहात.