मेन स्विच खाली ओढणारे परुळेकर

परुळेकरांनी मला कामावर टिकवलं, हे आधी सांगते. मग ते चालू कॉम्प्युटरचा मेन स्विच खाली का ओढायचे, ते.

साकीनाक्याला आमचा व्हॉल्व्हचा कारखाना. मी कुडाळकडची, आठवीत शाळा सुटलेली. मालाची चलनं कॉम्प्युटरवर भरायची. कॉम्प्युटर परुळेकरांच्या ताब्यात. नवा घ्यायचं ठरलं तेव्हा ते मालकांना म्हणाले, "डबा कुठलाही आणा. आतली ऑपरेटिंग सिस्टीम मी निवडणार."

ती डब्यात नेमकी कुठे बसते, हे मी दोन दिवस शोधत होते. एकदा मागून वाकून पाहिलंसुद्धा. पंखा दिसला.

दोन विक्रेते आले. पहिला टायवाला. "सर, एका वेळी सोळा माणसं काम करतील."

"आमच्याकडे या एकच बाई आहेत. वीज गेली तर?"

"वीज जाणार नाही, सर."

"साकीनाक्याला?"

आणि परुळेकरांनी खाटकन मेन स्विच खाली ओढला! मग वर. "बाई, मशीन उठवा आता." मला खुर्चीत बसवून सगळ्यांना घेऊन ते बाहेर, दार बंद. पडद्यावर इंग्रजीत प्रश्नांवर प्रश्न. मी घाबरून सगळ्यांना 'हो' म्हणत गेले. नमुन्याला भरलेली चलनं साफ गेली.

"इथे ग्रॅज्युएट बसवा," टायवाला म्हणाला. मालकांनी मान डोलावली. म्हणजे माझी नोकरी गेली. गावाक काय तोंड दाखवू?

"ग्रॅज्युएट सहा महिन्यांत दुबईला जातो," परुळेकर म्हणाले. "बाई राहतात. चला, दुसरी लावा."

दुसरीत बघण्यासारखं काहीच नव्हतं. काळा पडदा, लुकलुकणारा एक चौकोन. स्विच पडला, चढला. तिने फक्त तारीख विचारली. मी घातली. चलनं जागच्या जागी! सात वेळा त्यांनी पाडली, सात वेळा मी बंद दाराआड एकटीने उठवली.

"एवढंच करते ही?" मालक हिरमुसले.

"एवढंच," परुळेकर खुशीत. "हीच घ्या."

संध्याकाळी मी विचारलं, "साहेब, तुम्ही बाहेर का जायचात? बाजूला उभे राहिला असतात तर मला धीर आला असता."

ते चष्मा पुसत राहिले. "आमची मंडळी इस्पितळात होती, तेव्हा इथून बोलावणं आलं. मशीन पडलेलं, माझ्याशिवाय कुणाला उठवता येईना. वीस मिनिटांत उठवलं मी." मग म्हणाले, "परत गेलो तर खाट रिकामी."

"चहा सांगू?" असं काहीतरी बोलून गेले.

त्यांचे उपकार कसे फेडायचे ते अजून कळत नाही, पण एक दिवस फेडीन. तोवर या मशीनपायी त्यांना कुठूनही उठवून आणायची पाळी मी येऊ देणार नाही.