चेअरमन, व्हाईस चेअरमन आणि दोन लायब्ऱ्या

एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांना एका छपराखाली नांदवायचं असेल, तर मला बोलवा! हे मी उगाच छाती फुगवून सांगत नाही. माझा अनुभवच तेवढा आहे.

यंदाची, म्हणजे दोन हजार तीन सालची गोष्ट. आमच्या गावच्या दूध संस्थेत मी कॉम्प्युटरवाला होतो. गाव राहूच्या पुढं, दौंड तालुक्यात. संस्थेत एक कॉम्प्युटर, एक वजनकाटा, एक फॅट मशीन आणि दोन गट. पहिल्या तीन गोष्टी अधूनमधून बंद पडायच्या. गट कधीच बंद पडले नाहीत. एका गटाचे मारुतरावआप्पा, ते चेअरमन. दुसऱ्या गटाचे सोपानरावतात्या, ते व्हाईस चेअरमन. आप्पा दारातून आत आले की तात्या खिडकीतून बाहेर बघायला लागायचे. चहासुद्धा दोघांचा वेगळ्या किटलीतला!

आणि कॉम्प्युटरमध्ये होत्या दोन लायब्ऱ्या. पुस्तकांच्या नव्हेत हो! पडद्यावर खिडक्या, बटणं, अक्षरं काढायचं तयार सामान म्हणजे लायब्ररी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ते सामान घरी करत बसायचं नसतं, लायब्ररीतून उचलायचं असतं. आमच्या लायब्ररीची जुनी आवृत्ती नुसती इंग्रजी जाणणारी. दुधाची पावती छापायचा प्रोग्रॅम माझ्या आधीच्या माणसानं त्या जुनीवर लिहिलेला. नवी आवृत्ती मात्र मराठी काढायची, जोडाक्षरांसकट! म्हणून माझा नवा बोर्ड मी तिच्यावर लिहिला. काट्याच्या वर मोठा मॉनिटर टांगायचा आणि त्यावर शेतकऱ्याचं नाव, लिटर, फॅट, सगळं मराठीत दाखवायचं.

दोन्ही आवृत्त्या मी एकाच मशीनवर बसवल्या. एका घरात दोन चुली! प्रोग्रॅम बिल्ड करायचा, म्हणजे शिजवायचा, त्याच्या आधी मशीनला फक्त सांगायचं की बाबा, पावती जुनीवर आणि बोर्ड नवीवर. याला म्हणतात कॉन्फिगर करणं. सांगायला विसरलं तर काय होतं हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी विसरणारा माणूसच नव्हतो.

बोर्डाच्या उद्घाटनाचा दिवस ठरला आणि नेमका त्याच दिवशी इनामगावहून चांगदेवमामा येणार असा निरोप आला.

हे चांगदेवमामा म्हणजे तेजश्रीचे वडील. तेजश्री शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटरचंच शिकत होती. बघण्याचा कार्यक्रम झाला होता. कांदेपोहे खाताना तिनं मला एकच प्रश्न विचारला, "बॅकअप घेता का?" मी त्याच क्षणी गारद झालो! आमच्याकडून होकार गेला होता. तिकडून उत्तर येईना, कारण मामा कारखान्यात क्वालिटीला होते. माल डोळ्यांनी तपासल्याशिवाय ते सही करत नसत.

"पोरगं कॉम्प्युटरवर नेमकं करतंय काय, ते बघतो. मग बोलू," असं ते आमच्या वडिलांना म्हणाले होते.

आता बघा म्हणजे! बोर्ड चालला की होकार, बोर्ड फसला की स्थळ गेलं. मला काडीची काळजी नव्हती.

उद्घाटनाच्या सकाळी आप्पा आले. "सम्राट, बोर्ड लागल्या लागल्या पहिलं माझं नाव आलं पायजे. सुस्वागतम, मारुतराव. मोठ्या अक्षरात."

"येईल की आप्पा!"

आप्पा गेले. तात्या जणू भिंतीतून उगवले. "काय म्हणत हुता रं त्यो? नाव पायजे म्हणला न्हवं? मग माझं बी लाव. त्याच्या वर!"

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी हसलो. "तात्या, बोर्ड तर काय, घटकाभर दिसतो आणि पुसला जातो. तुमचं नाव पावतीवर टाकतो. पावती घरोघरी जाते. इंग्रजीत छापतो, ठळक!"

तात्यांचा चेहरा खुलला. "इंग्रजीत व्हय? मग राहू दे त्याला मराठीत!"

बोर्डावर चेअरमन, पावतीवर व्हाईस चेअरमन. दोन नेते, दोन प्रोग्रॅम, दोन आवृत्त्या. कुणी कुणाच्या चुलीत फुंकायचं नाही. मी स्वतःची पाठ थोपटली आणि कामाला बसलो. आधी पावती. मशीनला सांगितलं, जुनी आवृत्ती घे. शिजली! मग त्याच दमात बोर्ड. तोही शिजला. चार वॉर्निंगा आल्या, पण वॉर्निंगा मी कधी वाचत नाही. मशीनला बडबडायची सवयच असते.

संध्याकाळच्या दुधाला संस्थेपुढं घातलेला मांडव भरला. मामा पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन लावून हजर.

"जयभीम मामा!"

"जयभीम, जयभीम. कुठंय तुमचं मशीन?"

मी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि दोन चुलींचं सगळं समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं. "दोन लायनीचा माल एका जागी ठेवता, मग मिसळत न्हाई का?"

"मामा, माझ्या हातून? अशक्य!"

आप्पांनी नारळ फोडला, बटण दाबलं. टाळ्या! बोर्ड उजळला आणि त्यावर ठसठशीत मोठ्या अक्षरात दिसले चौकोन. नुसते चौकोन! एकापुढं एक, बिनतक्रार रांगेत. टाळ्या मधेच थांबल्या.

"ह्ये काय?" आप्पा म्हणाले.

"तुमचं नाव आहे आप्पा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

तेवढ्यात छपाईयंत्र करकरलं आणि पहिली पावती बाहेर आली. तात्यांचं नाव, इंग्रजीत, ठळक, झकास! तात्यांनी ती पावती वरात मिरवावी तशी मांडवभर फिरवली.

"बघा, बघा! मशीनला बी कळतंय खरा मानूस कोन त्ये!"

"सम्राट!" आप्पा कडाडले. "त्यानं तुला फोडला व्हय?"

"आप्पा, तसं नाही. पावतीसाठी जुनी आवृत्ती घे असं सांगितलं होतं ना, ते मशीननं लक्षात ठेवलं. बोर्डही जुनीवरच शिजला. जुनीला मराठी येत नाही."

"म्हंजी माझं नाव त्याच्या चुलीवर शिजवलंस?"

आप्पांचं अगदी बरोबर होतं. मामांनी खिशातलं पेन काढून बोटांत धरलं. क्वालिटीचा माणूस पेन काढतो तेव्हा लाल शेरा जवळ आलेला असतो, हे मला नंतर कळलं.

"चहा होईपर्यंत करतो!" मी म्हणालो आणि मशीनवर झेपावलो. या वेळी मी पक्का बंदोबस्त केला. मशीन सुरू होतानाच वाचतं त्या फाईलमध्येच लिहून टाकलं: नवी आवृत्ती घे, कायम! आणि मग काही मागं राहायला नको म्हणून दोन्ही प्रोग्रॅम एकदम शिजवले. हो, दोन्ही! घाईत माणूस उदार होतो.

बोर्ड लागला. सुस्वागतम, मारुतराव! काय सुंदर अक्षर! आप्पांच्या गटानं शिट्ट्या मारल्या. मामांनी पेनाचं टोपण लावलं. मी त्यांच्याकडे बघून 'बघितलंत?' अशी मान हलवली.

"पावती दे आता," रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या जाईबाई म्हणाल्या. त्यांच्या दोन किटल्या काट्यावर होत्या.

पावतीचं बटण दाबलं. खिडकी उघडली आणि मिटली. परत दाबलं. उघडली, मिटली. सासरी नांदायला तयार नसलेल्या नव्या सुनेसारखी ती उंबऱ्यातूनच परत जायला लागली. साहजिकच होतं! जुन्या चुलीवरचा पदार्थ मी नव्या चुलीवर चढवला होता.

"काय झालं रं?" तात्या पुढं आले. "माझं नाव होतं तीच पावती मेली? आन् त्याचं नाव आल्या आल्या मेली?"

"तात्या, योगायोग!"

"ह्यो योगायोग न्हाई, ह्यो चेअरमनचा कट हाय! सभेत ठराव आनतो!"

"आन की! माझ्याकडं बी माणसं हायती!" आप्पा टेबलापलीकडून ओरडले.

दोन्ही गट बाह्या सरसावून समोरासमोर. मधे जाईबाई. "आरं, तुमचं नाव खड्ड्यात घाला! माझं दूध नासलं तर ह्या चौकोनातनं भरून देनार हाय का कुनी?"

ती रांग मांडवाबाहेर गेली होती, उन्हाळ्याचे दिवस होते, आणि दूध माझ्यासाठी थांबणार नव्हतं. खरं सांगतो, पहिल्यांदाच मला काळजी वाटली. दूध नासलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही आणि इनामगावात तर नाहीच नाही. मी ती कायमची ओळ पुसली. पावतीसाठी वेगळी खिडकी उघडली, जुनी आवृत्ती सांगितली, शिजवली. बोर्डासाठी दुसरी खिडकी, नवी आवृत्ती सांगितली, शिजवला. जे सकाळी करायला हवं होतं ते सगळं शिस्तीत केलं. वॉर्निंगासुद्धा वाचल्या! एकही नव्हती.

पावती करकरली. जाईबाईंचं दूध मोजलं गेलं. तात्या जरा निवळले.

"आता बोर्ड!" मी उभा राहून, हात वर करून जाहीर केलं. "मंडळी, पुन्हा टाळ्या वाजवायला हरकत नाही!"

इथं एक बारकी गोष्ट सांगायची राहिली. बोर्ड लिहीत असताना जोडाक्षरं नीट उमटतात का, हे तपासायला मी एक चाचणीचा बोर्ड केला होता. चाचणीला अवघड जोडाक्षर घ्यावं लागतं. 'श्री' त्यातलं अवघड. म्हणून मी एक नाव घेतलं होतं. केवळ तांत्रिक कारणासाठी! तो चाचणीचा बोर्ड आणि खरा बोर्ड, दोघांना एकच नाव देऊन मी एकाच मशीनवर वेगवेगळ्या फोल्डरात ठेवले होते. दोन आवृत्त्या, समांतर, माझ्या आवडत्या पद्धतीनं. आणि ती कायमची ओळ पुसताना मी खालची एक ओळ जास्तीची पुसली. खरा बोर्ड कुठल्या फोल्डरात आहे, ते सांगणारी.

मशीननं समोर दिसला तो बोर्ड उचलला. सगळ्या गावासमोर, काट्याच्या वर, हातभर अक्षरात झळकलं:

तेजश्री, मी पसंत आहे का?

सगळा मांडव माना वर करून वाचायला लागला. मग जाईबाईंनी विचारलं, "ही तेजश्री कोन? नवी संचालक का?"

आणि मांडव फुटला! आप्पा हसले. तात्या हसले. दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसले. निवडणूक झाल्यापासून त्या दोघांनी मिळून केलेली ही पहिली गोष्ट! मी खुर्चीखाली शिरायची जागा शोधत होतो.

चांगदेवमामा उठले. बोर्डाच्या अगदी जवळ गेले, चष्मा वर केला, अक्षर न् अक्षर तपासलं. "जोडाक्षर बरोबर आलंय," ते म्हणाले. पेन खिशाला लावलं आणि शिरूरची गाडी पकडायला निघून गेले. होकार नाही, नकार नाही!

दोन दिवस मी फोनपाशीच ठाण मांडून बसलो. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या फोनवर तेजश्री स्वतः.

"बाबांनी सांगितलं सगळं. मला बोर्डावर विचारलंत, मग उत्तर पण बोर्डावर द्यायला येऊ का?"

"न.. नको. फोनवर चालेल."

"होकार आहे. मशीन रिजेक्ट, पण पोरगं पळून गेलं नाही, दूध मोजूनच उठलं, असं बाबा म्हणाले. फक्त माझी एक अट आहे. लग्नाची पत्रिका तुम्ही कॉम्प्युटरवर करायची नाही. शिरूरला प्रेसमध्ये छापायची."

मी फोन ठेवून टेबलावर नाचलो!

पत्रिका प्रेसमध्येच छापली. वर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. वाद खाली होता, 'प्रमुख उपस्थिती'त. आप्पा म्हणाले, पहिलं नाव माझं. तात्या म्हणाले, माझं नाव दुसरं असेल तर मांडवात पाय ठेवणार नाही.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी हसलो आणि पत्रिकेच्या दोन आवृत्त्या छापून घेतल्या. एकीत आप्पा वर, एकीत तात्या वर. लाल दोऱ्याचा गठ्ठा आप्पांच्या गटाला, पिवळ्या दोऱ्याचा तात्यांच्या. तेजश्रीनं बजावलं, "वाटायला निघायच्या आधी गठ्ठे एकदा तपासा." तपासायचं काय त्यात! लाल आप्पा, पिवळा तात्या. का पिवळा आप्पा? नाही, लालच.

असो. लग्न छान झालं, आता महिना झाला. लोक विचारतात, नवरदेव अजून इनामगावात सासऱ्यांकडंच कसा? तर हवापाण्यासाठी. घोड नदीचं पाणी मला मानवतं. गावाकडं आप्पा आणि तात्या, दोघंही मला शोधतायत. यावेळी एकत्र!